कमूबांचे भाषांतर

आमच्या घरात संशय हा दुर्गुण मानला जात नसे. तो स्वच्छतेचाच एक भाग होता. आई दूध तापवण्यापूर्वी हुंगून पाही, तूरडाळ ओल्या बोटाने चोळून रंग उतरतो का ते बघे, आणि भाजीवाला एखादी जुडी पुढे करून ‘ताजी छे बेन’ म्हणाला की नेमकी तीच बाजूला ठेवून दुसरी उचली. बाबा बँकेत कर्जविभागात होते. त्यांच्या मते माणसांचे प्रकार दोनच: ज्यांना जामीन मिळतो ते आणि ज्यांना मिळत नाही ते. त्यात सुरतेला नुकतीच ती प्लेगची साथ येऊन गेली होती. अर्धे शहर पळून जाऊन परतले होते, आणि परतताना प्रत्येकाने शेजाऱ्याकडे जरा निरखून पाहण्याची सवय बरोबर आणली होती. सोसायटीच्या आवारात उंदीर मेलेला दिसला की दुपारची झोप सोडून माणसे गोळा होत, तो कोणाच्या दारासमोर मेला यावर चर्चा होई, आणि त्या दारातल्यांना आठवडाभर कोणी चहाला बोलावत नसे.

पर्वत पाटियाच्या अलीकडे आमची सोसायटी होती. पाठीमागच्या गाळ्यांत माग चालत. त्यांची खटखट आम्हाला ऐकूच येत नसे, बंद पडली की मात्र सगळे एकदम मान वर करत. तळमजल्यावर कमूबा एकट्या राहत. त्या मूळच्या सौराष्ट्रातल्या, पण लग्न होऊन दारेस्सलामला गेल्या, तिथे नवऱ्याच्या दुकानावर आयुष्याची मधली वर्षे काढली, आणि नवरा गेल्यावर मुलांबरोबर लेस्टरला न जाता इकडे परत आल्या. ‘टाढमां मने नो फावे,’ म्हणजे थंडी मला मानवत नाही, असे त्या सांगत. सोसायटीत त्यांना ‘आफ्रिकावाळी बा’ म्हणत. त्या नारळाच्या दुधात मैदा भिजवून, वेलची घालून, फुगीर गोड पुऱ्यांसारखे काहीतरी तळत आणि त्याला मंडाझी म्हणत. आफ्रिका खंडाबद्दल कोणालाही काहीही अडले, अगदी तिथला सिंह काय खातो हे विचारायचे झाले, तरी लोक कमूबांकडे जात, आणि कमूबा उत्तर देत. मला माहीत नाही, असे त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेले नव्हते. मला लहानपणापासून ही गोष्ट खटकत असे.

रेहेमा त्यांच्याकडे पैसे देऊन राहणारी पाहुणी म्हणून आली ती माझ्यामुळे. मी रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि प्रयोगशाळेत रेहेमा माझ्या शेजारच्या ओट्यावर असे. तिचे घर दारेस्सलामचे, सरकारी शिष्यवृत्तीवर ती इकडे आलेली. वसतिगृहात तिला अभ्यास जमेना, आणि बाहेर खोली मिळेना. खोली रिकामी आहे असे फोनवर कळे. प्रत्यक्ष गेल्यावर ती भरलेली असे. कमूबांना मी सांगितले तेव्हा त्यांचे डोळे चमकले. ‘सवाहिली बोलशे मारी साथे!’ त्या म्हणाल्या. आपल्याशी स्वाहिली बोलणारे कोणीतरी येणार, एवढ्यावर खोली ठरली.

रेहेमाच्या बोटांना स्वस्थता ठाऊक नव्हती. ब्युरेटमधून थेंब पडत असताना ती दुसऱ्या हाताने रबरी बुचाने ओट्यावर ठेका धरी, आणि त्या ठेक्यावर ओठांतल्या ओठांत भराभर काहीतरी बोले. गाणे नव्हे, बोलणेच. पण तालात अडकवलेले. मी पहिल्यांदा विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘रॅप. हिप हॉप. सुना है?’ मी ऐकले नव्हते. आमच्याकडे रेडिओवर जे लागे ते आम्ही ऐकत असू. तिने मला आपल्या आवाजातली एक टेप दिली. लंडनचा तिचा चुलतभाऊ अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांमधल्या पोरांच्या टेपा दारेस्सलामला पाठवी. तिथली मुले आधी त्यांची इंग्रजी नक्कल करत, मग कोणीतरी धीर करून स्वाहिलीत बोलले, आणि ते ऐकल्यावर, तिच्या शब्दांत, ‘सबको लगा कि इतने दिन हम दूसरों के मुँह से बोल रहे थे.’ आफ्रिकेच्या पार पलीकडच्या किनाऱ्यावर, डाकारमध्ये, मुले आपापल्या भाषेत हेच करत होती. ती आणि तिचा सख्खा भाऊ दोन खणांच्या टेपरेकॉर्डरवर जुन्या तबकडीतला ढोलाचा एवढासा तुकडा उतरवत, पॉजचे बटण दाबत, मागे फिरवत, पुन्हा तोच तुकडा जोडत, असे करत अख्खी दुपार घालवून तीनचार मिनिटांचा ठेका तयार करत आणि त्यावर बोलत.

मी ती टेप ज्या काळजीने ऐकली त्या काळजीने मी तेव्हा काहीच ऐकत नसे, आणि ऐकून मला ती आवडली नाही. सूर कुठे आहे, मी विचारले. ठेका दुसऱ्याच्या तबकडीतून घेतला, मग तुमचे त्यात काय? ‘ही चोरीच झाली की.’ रेहेमाने पिपेट खाली ठेवले. ‘चोरी नहीं. उधार भी नहीं. जवाब है.’ कोणीतरी आधी काहीतरी म्हटले आहे, त्याच तुकड्यावर उभे राहून त्याला उत्तर द्यायचे. दारेस्सलाममध्ये म्हणे समुद्रकाठच्या एका सभागृहात दोघेजण समोरासमोर उभे राहत आणि जागच्या जागी शब्द जुळवून एकमेकांना उत्तरे देत. लिहून आणलेले जो म्हणे तो हरला असे समजत, कारण आधी लिहिलेले ते उत्तर कसे असेल? हा मुद्दा मला तर्काला धरून वाटला. पण एखादी गोष्ट तर्काला धरून असणे आणि खरी असणे यांत अंतर असते, ही माझी तेव्हाची भूमिका होती. ती आजही आहे.

त्या वर्षी माझ्या आयुष्यात एकच प्रश्न होता: बंगळूर. तिथल्या एका संस्थेत संशोधनासाठी अर्ज करायचा होता, गणपतीनंतर पाठवायचा होता, आणि बाबांनी अजून ‘हो’ म्हटलेले नव्हते. दुसरीकडे नाशिकचे एक स्थळ दसऱ्यानंतर मला बघायला येणार होते. आईचा कल नाशिककडे होता. ती धुळ्याची, चिडली की प्रमाण मराठी सोडून माहेरच्या अहिराणीत शिरे. मी पुस्तक घेऊन बसले की, ‘काय करी ऱ्हायनी तू? भाकर कोण करी?’ असा आवाज येई आणि मी बंगळूरहून थेट परातीपाशी पोचे. बाबांचा मुद्दा वेगळा होता. ‘तुझ्या हुशारीवर शंका नाही गं शुभा,’ ते म्हणाले होते. ‘पण परक्या मुलखात एकटीनं राहायचं तर माणूस पारखता यावा लागतो. ते तुला येतं की नाही, हे मला अजून दिसलेलं नाही.’ ते दिसणार कसे, याची काही चाचणी त्यांनी सांगितली नाही. चाचणी न सांगता निकाल देणारे परीक्षक मला कधीच आवडले नाहीत.

सुरतेतल्या आमच्या महाराष्ट्र मंडळाचा गणपती म्हणजे भाषणे, भावगीते, नाट्यछटा आणि शेवटच्या रविवारी सकाळी मुलामाणसांचे विविध गुणदर्शन. बाबा मंडळाचे चिटणीस होते. मंडळात एक रीत होती: रंगमंचावर जे काही म्हटले जाणार ते कलाकाराने आधी समितीसमोर म्हणून दाखवायचे. पूर्वी कधीतरी एका नकलाकाराने ऐनवेळी भलतेच बोलून एका देणगीदाराला दुखावले होते, तेव्हापासून ही रीत पडली होती. अध्यक्ष ओगले सर निवृत्त मुख्याध्यापक. चार वर्षांच्या मुलीची ‘चांदोबा’ कविताही ते डोळे मिटून, मान हलवत तपासत. समितीतले दुसरे वजनदार गृहस्थ पाटीलकाका. ते बारडोलीकडे साखर कारखान्यांना बांधकामाची माणसे पुरवत आणि आवाजही मोकळ्या रानातला ठेवत. एकदा आमच्याकडे आले असताना खालून रेहेमाचा तोंडाने धरलेला ठेका त्यांच्या कानावर पडला.

‘अरे, ही पोरगी तोंडानं तबला वाजवते!’ ते म्हणाले. ‘चिटणीस, हिला घ्या कार्यक्रमात. दरवर्षी तीच भावगीतं ऐकून गणपतीसुद्धा उंदरावरून उतरून जाईल.’

बाबांनी माझ्याकडे पाहिले. ‘ती म्हणते ते काय असतं?’

‘आपला पोवाडाच तो, दुसरं काय,’ पाटीलकाका म्हणाले.

हे मी रेहेमाला सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘हर चीज़ तुम लोगों की किसी चीज़ जैसी होनी चाहिए क्या?’ पण कार्यक्रमाला तिने हो म्हटले.

समितीची बैठक आमच्या पुढच्या खोलीत झाली. चहा, चिवडा, मध्यभागी टेपरेकॉर्डर. भाषेची अडचण होती, पण ती अडचणच वाटू नये इतका उघड उपाय तळमजल्यावर राहत होता. कमूबा पांढऱ्या साडीचा पदर नीट घेऊन आरामखुर्चीत बसल्या. रेहेमा दाराजवळच्या स्टुलावर बसली. टेप सुरू झाली. रेहेमाचा आवाज त्या ठेक्यावर टपटप धावू लागला. ओगले सरांनी डोळे मिटले. कमूबा मान डोलावत होत्या आणि कडवे संपायच्या आत बोलू लागल्या होत्या.

‘एनी मा ने याद करे छे. मा दूर छे ने. पछी भगवान ने कहे छे, मारी रक्षा करजे.’

‘म्हणजे आईची आठवण काढते आणि देवाकडे रक्षण मागते,’ बाबांनी मराठी केले.

‘मातृवंदना!’ ओगले सरांनी डोळे उघडले. ‘उत्तम. आक्षेपार्ह काही?’

‘ना रे ना. चोख्खुं छे.’

‘मग मंजूर,’ ओगले सर म्हणाले. ‘फक्त ताल जरा संथ करता आला तर पाहावं.’

पाटीलकाकांनी चिवड्याचा शेवटचा बकाणा भरला आणि बैठक संपली. मी रेहेमाकडे पाहत होते. तिचे डोळे जमिनीकडे होते आणि ओठांचा एक कोपरा दाताखाली धरलेला होता. आईची आठवण चारचौघांत सांगितली गेली म्हणून लाजलेल्या मुलीचा चेहरा तसा नसतो.

माझ्या मनात जे सुरू झाले ते असे. मूळ कडवे लांब होते, शब्द दाट होते. भाषांतर मात्र दोन वाक्यांचे. शिवाय त्या कडव्याच्या मध्यावर, टेपमध्येच, मागे कोणीतरी मुले खो खो हसलेली स्पष्ट ऐकू येत होती. मातृवंदनेत कोण हसते? प्रयोगशाळेत अनुमापन करताना ब्युरेटवरच्या एका वाचनावर आम्ही कधी विश्वास ठेवत नसू. वाचने एकमेकांशी जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा करायचे. म्हणून पुढच्या आठवड्यात, रेहेमा कॉलेजात असताना, मी टेप घेऊन खाली गेले. कमूबा उन्हात बसून लोणच्याच्या बरणीचे तोंड पुसत होत्या. मी तेच कडवे लावले आणि म्हटले, ‘बा, त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं, जरा परत सांगा ना.’ कमूबांनी ऐकले, मान डोलावली, आणि म्हणाल्या, ‘एनो भाई दरियामां गयो छे. होडी लई ने. एनी राह जुए छे.’ भाऊ होडी घेऊन समुद्रात गेला आहे आणि ही त्याची वाट पाहते आहे. आईचा पत्ता नव्हता. देवाचाही.

वाचने जुळत नव्हती. आता प्रश्न एवढाच उरला की कमूबा लपवत होत्या की त्यांना कळतच नव्हते. लपवणारा माणूस आपले खोटे लक्षात ठेवतो. कमूबांनी ते लक्षातही ठेवले नव्हते.

त्याच दिवशी प्रयोगशाळेत मी रेहेमाला थेट विचारले. ती चंचुपात्र धूत होती, धूतच राहिली. ‘बा की स्वाहिली दुकान और रसोई की है,’ ती म्हणाली. ‘उसमें सिर्फ़ हुक्म हैं. पानी ला. दरवाज़ा बंद कर. बर्तन धो. जल्दी. सुबह से शाम तक वही सुनती हूँ. उतने में गाना कैसे समझेगी? और ये तो हमारे मोहल्ले की, आज के लड़कों की बोली है. मेरे बाप को भी आधी समझती है.’

‘मग त्या दिवशी तू बोलली का नाहीस?’

आता तिने वर पाहिले. ‘मुझसे पूछा किसने? मैं कमरे में बैठी थी, शुभा. गाना मेरा था. और सबने पूछा बा से.’

उत्तर नसले की मी पुढचा प्रश्न विचारते. ‘मग काय आहे त्यात?’

‘पूछ रही है, या जाँच रही है?’

‘दोन्ही,’ मी म्हटले. ती हसली, बहुधा मी खरे बोलले म्हणून. पण तिने सांगितले नाही.

संध्याकाळी मी हे सगळे बाबांना सांगितले. पुष्कळांनी मला नंतर विचारले आहे की मैत्रिणीचा कार्यक्रम रद्द होण्याचा धोका असताना मी गप्प का बसले नाही. मला हा प्रश्नच कधी नीट समजलेला नाही. चुकीचे ठरलेले वाचन खोडून टाकणे ही काही चहाडी नव्हे. बाबांनी ऐकून घेतले, चष्मा काढला, आणि मला ज्याची भीती होती तेच म्हणाले: ‘मंडळापुढं मी सांगितलंय की शब्द तपासलेले आहेत. म्हणजे जामीन बोगस निघाला.’ मग म्हणाले, ‘ती तुझी मैत्रीण. तू सांग, तिला उभं करू का? तुझ्या शब्दावर करतो. आणि उद्या काही वेडंवाकडं झालं, तर बंगळूरचा विषय परत माझ्यापाशी काढायचा नाही.’

चाचणी अखेर जाहीर झाली होती. आई पोळी लाटता लाटता थांबली.

मला ‘हो, करा’ म्हणणे सोपे होते. ‘नको’ म्हणणे त्याहून सोपे. मी म्हटले, ‘बाबा, मला माहीत नाही. शब्दांत काय आहे ते तिलाच माहीत. तुम्ही तिला विचारा.’

‘तिला? जिच्यासाठी जामीन हवा तिलाच?’

‘आत्तापर्यंत तेवढ्या एकीलाच कोणी विचारलेलं नाही.’

बाबा कुरकुरत जिना उतरले, मी मागे. कमूबा देवळात गेल्या होत्या. रेहेमा गॅलरीत केस विंचरत होती. बाबांना पाहून उठून उभी राहिली. बाबांनी बँकेतल्या हिंदीत विचारले, ‘बेटा, वो टेप में तुम क्या बोलती हो, हमको समझाओ.’

ती शांतपणे सांगू लागली. अंगावरचा शर्ट अमेरिकेतल्या जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यातून आलेला, बूट आणखी कोणाच्या पायांतून उतरलेले, ठेका तिसऱ्याच्या तबकडीतला. पण तोंड माझे आहे, असे ते कडवे होते. आणि मग तिने, कोणी न विचारता, पुढे म्हटले, ‘अंकल, उसमें दो लाइन इंडियन दुकानदार पर भी हैं. जो गिनता दो बार है और मुस्कुराता एक बार भी नहीं. वहाँ लड़के हँसते हैं. अच्छी लाइन नहीं है, आपके लिए.’

‘तर हे रविवारी म्हणणार?’ बाबा मराठीतच बोलून गेले. तिला समजले.

‘नहीं. वो टेप है. स्टेज पे उसी वक़्त बनाऊँगी.’

‘उसी वक़्त? मतलब आज तुमको भी मालूम नहीं?’

‘नहीं अंकल.’

बाबांच्या आयुष्यात इतका वाईट अर्ज त्यांच्यासमोर कधी आला नसेल. तारण नाही, जामीन नाही, आणि कर्ज कशासाठी ते अर्जदारालाही ठाऊक नाही. जिना चढताना ते मध्येच थांबले. ‘ते दुकानदाराचं तिनं सांगितलं नसतं तर मला कळलं असतं का गं?’

‘नाही.’

‘स्वतःच्या विरुद्धची गोष्ट जो आपणहून सांगतो,’ ते कठड्याला धरून म्हणाले, ‘त्याची बाकीची कागदं मी वरवरच बघतो.’ मी त्यांना ‘हो’ म्हणाले नव्हते, हे त्यांच्या ध्यानात होते. ते त्यांना आवडले होते की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

रविवारी सकाळी शाळेचे सभागृह भरले होते. कमूबांना भाषांतराबद्दल मानाची पहिल्या रांगेतली खुर्ची मिळाली होती. एका मुलीची नाट्यछटा झाली, पेटीवर दोन भावगीते झाली, आणि मग रेहेमा आली: साधा पंजाबी ड्रेस, कॅनव्हासचे बूट, हातात काही नाही. मंडळाच्या माणसाने टेप लावायला हात पुढे केला तर तिने मानेनेच नको म्हटले. तोंडाने ठेका सुरू केला, पायाने तो धरला, आणि स्वाहिलीत बोलू लागली. सभागृह सावध होते. बायका एकमेकींकडे पाहत होत्या. माझ्या मागच्या रांगेतून कोणीतरी कुजबुजले, ‘काय म्हणतेय कोण जाणे.’ मीही तेच म्हणत होते.

मग ती मध्येच थांबली आणि हिंदीत म्हणाली, ‘अब मैं कुछ बोलूँगी. हर बार आप सब ज़ोर से बोलना, तफधाली. बोलेंगे?’

‘बोलेंगे!’ पाटीलकाका गरजले.

‘लेते माजी!’ रेहेमा म्हणाली.

‘तफधाली!’ पाटीलकाका आणि काही मुले.

‘फुंगा म्लांगो!’

‘तफधाली!’ आता अर्धे सभागृह.

‘ओशा व्योम्बो! हराका, हराका!’

‘तफधाली! तफधाली!’

ठेका वाढत गेला. हाका आणि उत्तरे यांच्या मधल्या फटींत ती भराभर आपले काहीतरी बोलून घेई आणि पुन्हा हाक टाकी. बायका ओरडत होत्या, पेटीवाले ओरडत होते, नाट्यछटेतली मुलगी आईच्या मांडीवर उभी राहून ओरडत होती. ओगले सर, ज्यांनी ‘चांदोबा’ तपासल्याशिवाय सोडला नव्हता, ते काठी आपटून, डोळे मिटून, ज्याचा अर्थ सभागृहात कोणालाही ठाऊक नव्हता तो शब्द गणपतीसमोर मोठ्याने म्हणत होते. इतक्या संशयी माणसांना एका ठेक्याने असे निःशंक केलेले मी त्यापूर्वी पाहिले नव्हते, आणि मला ते पाहून आनंद झाला असे मी म्हणणार नाही. मला धास्तीच वाटली. जमावाला काहीही म्हणायला लावता येते हे त्या सकाळी मला समजले. पुढे या देशात मी ते वेगवेगळ्या ठेक्यांवर बरेचदा पाहिले.

मी ओरडले नाही. मला अर्थ माहीत नव्हता. आणि पहिल्या रांगेत कमूबा ओरडत नव्हत्या. त्यांची मान डोलत नव्हती. त्या समोर पाहत होत्या, आणि प्रत्येक हाकेला त्यांचा खुर्चीवरचा हात किंचित हलत होता, जणू ती वस्तू आणून द्यायला कोणीतरी आत्ता उठेल. रेहेमाने त्या संबंध वेळात एकदाही त्यांच्याकडे पाहिले नाही.

टाळ्या थांबल्यावर ओगले सर बाबांना म्हणाले, ‘मातृवंदना फारच जोरकस झाली हो.’

दुपारी जेवणे आटोपली होती. मोदकांची ओली फडकी आई वाळत घालत होती. कमूबा जिना चढून वर आल्या, बसल्या, आणि आईने पाण्याचा पेला पुढे केला तरी तो हातातच धरून राहिल्या.

‘भाई,’ त्या बाबांना म्हणाल्या, ‘में तमने खोटुं कीधुं’तुं. टेपमांनुं मने कांई नो’तुं समजातुं.’

‘मला ठाऊक आहे, बा. टेपमधलं तुम्हाला समजलं नव्हतं, पण मी ते मनात धरलेलं नाही.’

‘पण आजे समजायुं. बधुंय समजायुं.’ त्यांनी एक घोट घेतला. ‘ए बधा मारा ज शब्दो हता. हुं ज बोलुं छुं एने, रोज. पाणी लाव, बारणुं बंध कर. दारेस्सलाममां घरना नोकरोने पण एम ज बोलतां.’ सगळे शब्द त्यांचेच होते, रोज रेहेमाला आणि पूर्वी तिथल्या नोकरांना दिलेले हुकूम.

‘आणि ते सगळे ओरडत होते तो शब्द?’ आईने विचारले.

‘घेर आवी ने एने पूछ्युं. मेहरबानी करीने, एवुं थाय.’ कृपा करून. कमूबा आईकडे, मग माझ्याकडे पाहू लागल्या. ‘आटलां वरस रही त्यां. ए शब्द मने कोईए शीखवाड्यो नो’तो, बेटा.’

कोणी शिकवला नव्हता की कधी शिकायची वेळ आली नव्हती, हा प्रश्न माझ्या ओठांपर्यंत आला होता. आईने डोळ्यांनी मला गप्प केले. कमूबा उठल्या. ‘हवे एनी साथे गुजरातीमां ज बोलीश,’ त्या म्हणाल्या आणि कठडा धरून सावकाश खाली गेल्या. ज्या भाषेसाठी त्यांनी रेहेमाला घरात घेतले होते ती भाषा त्यांनी त्या दिवसापासून सोडून दिली. रेहेमा वर्ष संपेपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. तिने काय जिंकले आणि तिला जिंकायचे होते का, हे मी तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘जवाब दिया, बस. जीत-हार तो सुननेवाले करते हैं.’ ती आता दारेस्सलामला एका औषध कारखान्यात गुणवत्ता तपासते. तिथेही तिला लिहून आणलेल्या उत्तरांचा राग येतो, असे ती कळवते.

त्या दुपारी कमूबा खाली गेल्यावर बाबा बराच वेळ वर्तमानपत्र उघडून बसले होते. पान उलटले नव्हते.

‘तू ओरडली नाहीस,’ ते म्हणाले.

‘अर्थ माहीत नव्हता.’

‘हं.’ मग वर्तमानपत्रातूनच, ‘अर्ज टाक तुझा बंगळूरचा.’

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. ‘आन नाशिकवाला?’

‘त्यांना मी कळवतो,’ बाबा म्हणाले.

एवढेच झाले. कारण त्यांनी सांगितले नाही आणि मी, आयुष्यात पहिल्यांदाच, विचारले नाही. मिळालेला होकार पुन्हा तपासायला दिला तर तो बदलू शकतो, एवढे व्यवहारज्ञान मला होते. त्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. एक शक्यता अशी की भरल्या सभागृहात तोंड मिटून बसलेली मुलगी परक्या मुलखात फसणार नाही, अशी त्यांची खात्री पटली. दुसरी अशी की जी मुलगी गणपतीसमोर सगळ्यांबरोबर एक साधा शब्दही अर्थ कळल्याशिवाय म्हणत नाही, ती नाशिकच्या त्या घरी आठवडाभरही टिकणार नाही, हे त्यांना उमगले. दोन्ही अनुमाने उपलब्ध पुराव्याशी सारखीच जुळतात. बाबा आता नाहीत. मी बंगळूरला निघाले तेव्हा गाडी सुटेपर्यंत ते फलाटावर उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होते तो अभिमान होता की सुटका, हे मला त्या खिडकीतून काही केल्या ठरवता आले नाही.